सगळ्यात वाईट दिवसाच्या मापाचा व्यायाम: नोकरी-संसार सांभाळून घरचा व्यायाम कसा टिकवायचा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात आणि अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर नवे चेहरे दिसू लागतात. जानेवारीत पुन्हा दिसतात. मग मुलांची चाचणी परीक्षा येते, कुणाची सेकंड शिफ्ट लागते, कुणाचे सासरे आजारी पडतात, आणि वाट पुन्हा नेहमीच्या माणसांची होते. ही माणसं आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही. पहाटे उठून तीन डबे भरणाऱ्या, आठला कामावर निघणाऱ्या आणि रात्री दहाला ओटा पुसणाऱ्या बाईला आळशी म्हणायला जीभ धजणार नाही. खोट बेतात असते. रविवारी संध्याकाळी निवांत बसून आपण रोज पाऊण तासाचा बेत ठरवतो आणि तो पाळायची वेळ येते मंगळवारी, पाहुणे दारात उभे असताना.

म्हणून या लेखात सुरुवात उलट्या टोकाने केली आहे. आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस धरायचा, त्या दिवशीही निभेल एवढा व्यायाम आधी पक्का करायचा आणि बऱ्या दिवशी तो वाढवायचा. साताऱ्यात पतसंस्थेत नोकरी करून, सासू-सासरे आणि शाळेतली मुलं असलेल्या घरात राहून मी हे लिहिते आहे. त्यामुळे जिम, ट्रेनर किंवा रिकामी खोली यांतलं काहीही यात गृहीत धरलेलं नाही.

सुरू करण्याआधी तब्येतीचं

उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मणक्याचा जुना त्रास असेल, बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा चाळिशी ओलांडून बरीच वर्षं अंग हललं नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून त्याबद्दल नेमकं विचारून घ्या. छातीत दाब किंवा दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काही जाणवलं तर तिथल्या तिथे थांबा आणि दवाखाना गाठा. आपल्याकडे असं दुखणं ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढतात. कृपा करून काढू नका.

पहिला आठवडा: फक्त लिहायचं

पहिल्या आठवड्यात व्यायाम करायचाच नाही. वहीत रोज तीन गोष्टी लिहा. घरात न चुकता काय काय होतं? कोणत्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्हाला कुणी हाक मारत नाही? कोणत्या दिवशी सगळं कोलमडतं? आठवड्याच्या शेवटी पान उघडलं की वेळ शोधावा लागत नाही, कारण खुंट्या दिसतात: नळाला पाणी येतं ती वेळ, कुकर लावल्यानंतरच्या तीन शिट्ट्या, मुलांची व्हॅन गेल्यावरची शांतता, कामावरून येऊन कपडे बदलण्याची वेळ.

व्यायाम घड्याळाला न बांधता अशा एका खुंटीला बांधा. एमआयडीसीत शिफ्टवर असणाऱ्यांना तर दुसरा इलाजच नाही. ‘रोज सकाळी सहा’ हा बेत फर्स्ट शिफ्टला मोडतो आणि नाइटलाही मोडतो. ‘कामावरून आल्यावर, हातपाय धुण्याआधी’ हा बेत शिफ्ट बदलली तरी जागेवर राहतो. नाइट करून आल्यावर अंगात त्राण नसेल तर त्या आठवड्यापुरती खुंटी ‘झोपून उठल्यावर, चहाआधी’ अशी ठरवून ठेवा. ठरवून हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण थकलेल्या माणसाने ऐनवेळी निर्णय घ्यायचा म्हटला की तो बहुतेक वेळा ‘उद्या’ असाच निघतो.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले होते आणि माणसामाणसांतली तफावत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होती. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. महिनाभराने ‘अजून मन लागत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं: तुम्ही अजून अर्ध्या वाटेवरही आलेला नाही, तेव्हा असं वाटणं ठीकच आहे.

तीन मापं

आता व्यायामाची तीन मापं ठरवा.

लहान माप पाच मिनिटांचं. खुर्चीवर बसून-उठून दहा बैठका, भिंतीवर दहा जोर, टाचा वीस वेळा उचलणं आणि पुन्हा तेच एकदा. हे साडीवर जमतं, ऑफिसच्या पँटवर जमतं, चटई लागत नाही आणि घामाने आंघोळ होत नाही. लहान मापाची कसोटीच ही की त्याच्यासाठी कपडे बदलावे लागू नयेत.

मधलं माप पंधरा मिनिटांचं. खाली दिलेल्या सहा हालचालींची एक ते दोन आवर्तनं त्यात बसतात. मोठं माप अर्ध्या तासाचं, तीन आवर्तनं. ते आठवड्यातून दोनदाच जमलं तरी उत्तम.

नियम असा की कोणतंही माप केलं की त्या दिवसाचा व्यायाम झाला. लहान माप म्हणजे व्यायाम बुडाला असं मानायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट करून ‘भरून’ काढायचं नाही. हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला अवघड आहे, कारण पाच मिनिटांनी काय होणार असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सूचनांत सलग दहा मिनिटांची अट होती. २०२० च्या सूचनांत ती काढून टाकली आहे. आता थोडक्यात सांगायचं तर प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, दोन किंवा जास्त दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा आणि तुकड्यातुकड्यांनी झालेली हालचालही धरावी. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम लागणं.

या हिशेबाकडे घरात अशी सुरुवात करता येते: सोमवार, बुधवार, शुक्रवार जोर-बैठकांचे. बाकीच्या दिवशी भरभर चालणं, तेही सकाळी दहा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर पंधरा असं वाटून. शतपावलीला आपल्याकडे म्हाताऱ्यांची सवय समजतात, पण जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली वाढणारी साखर आटोक्यात राहते. शंभर पावलांवर थांबू नका एवढंच.

सहा हालचाली

यूट्यूबवर शेकडो व्यायाम आहेत आणि रोज नवा व्हिडिओ शोधण्यातच वेळ जातो. घरी सहा हालचाली पुरतात. त्या बदलू नका, अवघड करत न्या.

बैठका. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याइतके फाकवून, टाचा जमिनीवर ठेवून सावकाश बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. गुडघे आत पडू देऊ नका. पंधरा सहज झाल्या की खुर्ची काढा. त्याही सोप्या झाल्या की तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरा. तालमीतल्या बैठका पंजांवर आणि वेगात मारतात. गुडघ्याचा त्रास असेल तर त्या वाटेला जाऊ नका. खाली जाताना गुडघा दुखत असेल तर अर्ध्यावरूनच परत या.

जोर. आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. हात जितके खाली टेकवाल तितकं वजन अंगावर येतं. बायका ‘मला जोर जमत नाहीत’ म्हणतात, तेव्हा त्यांनी जमिनीपासून सुरुवात केलेली असते. भिंतीपासून सुरुवात करणाऱ्या काही महिन्यांत पलंगाच्या कडेपर्यंत पोचतात. कंबर झोळीसारखी खाली पडली की तो जोर धरायचा नाही.

पिशवी ओढणं. एक हात पलंगावर टेकवून, पाठ सरळ ठेवून पुढे वाका. दुसऱ्या हातात वजनाची पिशवी किंवा मुलांचं दप्तर धरा आणि कोपर मागे नेत ते कमरेपर्यंत ओढा. दिवसभर काउंटरवर, मशीनवर किंवा मोबाइलवर वाकलेल्या पाठीला याची सगळ्यात जास्त गरज असते आणि घरच्या व्यायामात नेमकं हेच राहून जातं.

कमरेतून वाकणं. गुडघे थोडे सैल, पाठ सरळ, ढुंगण मागे नेत मांड्यांच्या मागच्या बाजूला ताण येईपर्यंत वाका आणि सरळ व्हा. आधी नुसतं, मग दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन. पाण्याची बादली किंवा गॅसची टाकी उचलताना पाठ धरते ती याच हालचालीची सवय नसल्यामुळे.

सेतुबंध. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला, वर दोन अंक मोजा, खाली या. आठ तास खुर्चीत बसणाऱ्यांसाठी.

उचलून चालणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या किंवा निम्म्या भरलेल्या बादल्या घेऊन घरातल्या घरात किंवा गच्चीत मिनिटभर ताठ चाला. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही. पकड, खांदे आणि पोट तिन्हींना काम मिळतं.

सुरुवातीला प्रत्येक हालचाल आठ ते दहा वेळा. कुठेही श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन वर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. ते दुखणं दोन-तीन दिवसांत जातं आणि हलकं चालल्याने बरं वाटतं. सांध्यात टोचणारं, एकाच जागी कळ काढणारं दुखणं वेगळं, तिथे थांबायचं.

औंधच्या राजांचा व्यायाम

घरच्या घरी, साधनांशिवाय करायच्या व्यायामाची मोठी परंपरा आपल्याच जिल्ह्यातली आहे. खटाव तालुक्यातल्या औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी आधी त्या काळचा प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो याच्या पद्धतीने, साधनं घेऊन व्यायाम करत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांमुळे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि तोच त्यांचा ध्यास झाला. त्यांनी तो स्वतः म्हातारपणापर्यंत केला, संस्थानातल्या शाळांत नेला, पुस्तकं लिहून सगळीकडे पोचवला. ज्याला कसलंही साधन परवडलं असतं, त्याने चटईएवढ्या जागेत होणारा व्यायाम निवडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ज्यांना आवर्तनं मोजण्याचा कंटाळा येतो त्यांनी मधल्या मापाच्या जागी सूर्यनमस्कार घालावेत. सावकाश घातलेला एक नमस्कार साधारण अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे बारा नमस्कार सहा-सात मिनिटांत होतात. चारपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवा. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि पायांना वजन नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा पिशवी आणि बैठका ठेवाच. रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा मणक्याची गादी सरकलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार घालू नका.

कालनिर्णयवर खूण

अॅप नको. स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच ल, म किंवा मो लिहा. ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि सहावीतला मुलगा ‘आई, काल काहीच लिहिलं नाहीस’ म्हणतो तेव्हा ते कोणत्याही अॅपच्या सूचनेपेक्षा जास्त लागू पडतं.

वाढवण्याची पद्धत एकच: एखादी हालचाल ठरलेल्या संख्येत दोन वेळा सोपी गेली की पुढच्या वेळी दोन आकडे वाढवायचे, पंधरापर्यंत पोचली की अवघड प्रकार घेऊन पुन्हा आठपासून सुरू करायची. दर महिन्याच्या एक तारखेला अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजून लिहा. वजनकाट्याला पहिले दोन-तीन महिने महत्त्व देऊ नका. राजवाड्यापासून चढ चढून घरी आल्यावर दम कमी लागतो का, झोप लागते का, जिने चढताना कठड्याला हात जातो का, हे पाहा. काटा हलायच्या आधी हे बदलतं.

घरातली बोलणी

माझ्या मते व्यायाम सगळ्यात जास्त वेळा इथेच मोडतो, आणि त्यातही बायकांचा. पुरुष ‘फिरून येतो’ म्हणून चप्पल घालून बाहेर पडतो. बाई सतरंजी अंथरते तेव्हा कुणाचा तरी चहा राहिलेला असतो. शिवाय ‘दिवसभर काम करतेस तोच व्यायाम की’ हे आहेच. घरकामाने थकवा येतो, चालणंही होतं, पण भाकरी थापून आणि भांडी घासून पाठीची, मांड्यांची ताकद टप्प्याटप्प्याने वाढत नाही. पन्नाशीनंतर हाडं आणि स्नायू झिजतात तेव्हा उपयोगी पडते ती हीच ताकद. हे घरात एकदा नीट सांगावं लागतं, भांडणाच्या वेळी नाही, सगळे जेवून बसलेले असताना.

सांगताना ‘मला वेळ द्या’ एवढं मोघम बोलू नका. नेमकं काम नेमक्या माणसाकडे द्या. ‘आई, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस तेवढा बंद कराल? मी तोवर आतल्या खोलीत आहे.’ ‘अहो, सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलांना व्हॅनपर्यंत तुम्ही सोडा.’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपलं काम कळतं, आणि नाही म्हणायचं तर तेही स्पष्ट म्हणावं लागतं. घरात व्यायाम करणारा नवरा असेल तर त्याने सकाळी निघण्याआधी विचारावं की तुझी पंधरा मिनिटं कोणती आणि त्या वेळात मी काय बघू. हे त्याचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत.

मुलं मधे येणारच. त्यांना मोजायला बसवा. लहान मूल सेतुबंधात पोटावर येऊन बसलं तर वजन फुकटात मिळालं. सासू-सासऱ्यांना खुर्चीवरून बसणं-उठणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं शिकवा. म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचा धोका अशा व्यायामाने कमी होतो, आणि एकदा आई स्वतः करू लागल्या की सुनेच्या पंधरा मिनिटांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

ताटात थोडा बदल

वेगळं डाएट सुरू करू नका. दोन नव्या गोष्टी एकदम टिकत नाहीत. फक्त प्रथिनं पाहा. भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनाला साधारण ०.८३ ग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम हवीत. आपली आमटी पातळ असते, वाटीभर आमटीत डाळ थोडीच येते. आमटी घट्ट करा, मटकी-हरभऱ्याची उसळ आठवड्यातून तीन-चारदा करा, संध्याकाळच्या फरसाणाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या, खात असाल तर अंडी घ्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सणाला कंदी पेढा खुशाल खा.

पाऊस, गणपती, मार्चअखेर

वर्षातले काही आठवडे आधीच माहीत असतात: जून-जुलैचा पाऊस, गणपती-गौरी, दिवाळी, गावची यात्रा, लग्नसराई आणि आमच्यासारख्या हिशेबवाल्यांचा मार्चअखेर. नवीन दिनदर्शिका आणली की या आठवड्यांवर आधीच ‘ल’ लिहून टाका. त्या काळात लहान मापच करायचं, हे ठरलेलं. कमावलेली ताकद दोन-तीन आठवडे कमी व्यायामाने फारशी जात नाही, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. पावसात चालणं बंद पडलं तर जिना आहे. जिना नसेल तर टीव्हीवरची मालिका बघत जागच्या जागी पावलं. लग्नाला गावी गेलात तर भिंत आणि खुर्ची तिथेही असते.

खंड पडला तर परत येण्याचे आकडे ठरलेले असू द्या. आठवडाभराचा खंड असेल तर पहिले दोन दिवस निम्म्या संख्येने. ताप येऊन गेला असेल तर तो पूर्ण उतरल्यावर आणि जेवण नीट जाऊ लागल्यावर आधी दोन-तीन दिवस फक्त चालणं, मग लहान माप. डेंग्यू-चिकुनगुनियासारखं काही झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबणं. महिन्याहून मोठा खंड असेल तर प्रत्येक हालचाल एक पायरी खाली आणा: जमिनीवरचे जोर पलंगाच्या कडेवर, पिशवीच्या बैठका बिनपिशवीच्या. तिथून दोन आठवड्यांनी पुन्हा वर. आणि परत सुरू करायला सोमवारची किंवा एक तारखेची वाट पाहू नका. गुरुवारी आठवण झाली तर गुरुवारी, कुकर लावल्यावर.